बाहुलीला आलवण कोण नेसवणार?

ऐतिहासिक वेशभूषेतल्या बाहुल्यांची प्रदर्शनं आता फक्त पुण्या-मुंबईची राहिलेली नाहीत. नवरात्रात, महिला दिनाला, शाळेच्या स्नेहसंमेलनात, एखाद्या मंडळाच्या वर्धापनदिनी टेबलावर पांढरी चादर अंथरून बाहुल्या मांडल्या जातात. आमच्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावातही मी अशी प्रदर्शनं पाहिली आहेत. जिजाऊ असतात, अहिल्याबाई असतात, घोड्यावरची झाशीची राणी तर हमखास असते. पेशवाईतली नथ घातलेली घरंदाज बाई, पैठणीतली नवरी, हातात पूजेचं तबक घेतलेली सुवासिनी याही असतात. बाहुल्या देखण्या असतात. वीतभर अंगावर नऊवारीचा काष्टा नीट बसवणं किती अवघड आहे, हे करून पाहणारीलाच कळेल. या कष्टांबद्दल आणि हौसेबद्दल मला आदरच आहे.

पण माझा एक आक्षेप आहे आणि तो आडपडदा न ठेवता मांडायचा आहे. ही प्रदर्शनं ‘आपला इतिहास’ दाखवतो म्हणतात आणि त्या इतिहासातल्या बहुसंख्य बायांना दाराबाहेर ठेवतात. कपडा दाखवतात, पण तो कपडा कुणाच्या हुकमाने अंगावर आला हे दाखवत नाहीत. आणि हे पाहायला शाळेच्या मुलींच्या रांगा लागतात, म्हणून हा कुणाच्या खासगी छंदाचा प्रश्न उरत नाही. तो आपल्या सगळ्यांचा प्रश्न होतो.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली कार्यकर्ती. घाटंजी तालुक्यात शेतमजूर बायांबरोबर, बचत गटांबरोबर, कोलाम पोडांवर आणि बंजारा तांड्यांवर काम करते. त्या बायांच्या बाजूने उभी राहून मी ही प्रदर्शनं पाहते आणि त्याच बाजूने हे लिहिते आहे.

बाहुली काहीतरी शिकवतेच

‘अहो, बाहुलीच ती! तिच्यात कसलं राजकारण?’ असं म्हणणाऱ्यांनी बाहुलीचा इतिहास थोडा चाळून पाहावा. युरोपात फॅशनची मासिकं निघण्याआधी पॅरिसहून सजवलेल्या बाहुल्याच राजघराण्यांत पाठवल्या जात. यंदा काय नेसायचं, हे त्या बाहुल्यांकडे पाहून ठरे. दुसऱ्या महायुद्धानं कंबरडं मोडलेल्या पॅरिसमधल्या फॅशनच्या धंद्यानं १९४५ साली तारेच्या छोट्या बाहुल्यांना नवे कपडे घालून प्रदर्शन भरवलं आणि आपण जिवंत आहोत हे जगाला सांगितलं. जपानात ३ मार्चला मुलींच्या सणाला जुन्या दरबारी पोशाखातल्या राजा-राणीच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडतात. सण संपल्यावर त्या उचलायला उशीर झाला तर मुलीचं लग्न लांबतं, अशी तिकडे समजूत आहे. म्हणजे बाहुलीच्या पोशाखात मुलीचं भविष्य शिवलेलं असतंच. १९५९ साली अमेरिकेत बार्बी आली आणि मुलीचं अंग कसं असावं याचाच साचा तिनं घरोघर पोहोचवला.

आपल्याकडची गोष्ट तर अधिक विचार करण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्यात मातीच्या लहान आकृत्या घडवून त्यांना खऱ्या कापडाचे कपडे चढवत. जॉर्ज बर्डवूड या इंग्रज लेखकाने भारतीय कलाकुसरीवरच्या आपल्या १८८० सालच्या ग्रंथात कृष्णनगर, कोलकाता, लखनौ यांच्या जोडीने पुण्याचं नाव घेतलं आहे. अशा आकृत्या कुणासाठी बनत? साहेबासाठी. त्याला इथल्या जातीजमाती एका नजरेत ओळखायच्या होत्या. १८६८ ते १८७५ या काळात सरकारनं छायाचित्रांचे आठ खंड काढले, तेही याच हेतूने. माणसं नमुने म्हणून मांडायची, खाली जातीचं नाव लिहायचं. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेले असे मातीचे नमुने आहेत. निरनिराळ्या समाजांचे पोशाख, निरनिराळ्या पगड्या, निरनिराळे धंदे. काम नजाकतीचं आहे यात शंका नाही. पण त्यातल्या बाईला नाव नाही. तिला जात आहे, धंदा आहे, लुगडं आहे.

स्वातंत्र्यानंतर व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांनी दिल्लीत बाहुल्यांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय उभं केलं. ते १९६५ साली सुरू झालं. हंगेरीच्या राजदूताने दिलेल्या एका बाहुलीपासून सुरू झालेला हा संग्रह सहा हजारांच्या वर गेला. तिथल्याच कार्यशाळेत भारताच्या राज्याराज्यांचे पोशाख घातलेल्या सुमारे दीडशे प्रकारच्या बाहुल्या तयार झाल्या. देशातल्या मुलांना जग दिसावं, आपली विविधता दिसावी, हा त्यामागचा हेतू उदार होता. पण पुढे गावोगाव जी नक्कल झाली तिच्यात उदारपणा गळून गेला आणि नवऱ्या तेवढ्या उरल्या. बंगालची नवरी, पंजाबची नवरी, महाराष्ट्राची नवरी. बाईच्या आयुष्यात लग्नाचा एकच दिवस उजाडतो, असं वाटावं इतक्या नवऱ्या!

लग्नानंतरच्या दिवसाचं काय?

आता मला विचारायचं आहे की पेशवाईतल्या नथवालीच्या शेजारी आलवणातली बाहुली कधी कुणी मांडली आहे का?

ती बाई त्याच वाड्यात राहत होती. नथवालीची ती नणंद असेल, जाऊ असेल, नाहीतर तीच स्वतः दहा वर्षांनी. डोक्याचं केशवपन झालेलं, अंगात चोळी नाही, तांबडं आलवण डोक्यावरून घेतलेलं, कपाळ पांढरं, हात ओके. हासुद्धा ‘ऐतिहासिक पोशाख’च आहे. तो शेकडो वर्षं टिकला. पैठणी सणासुदीला पेटीतून निघे, आलवण मात्र रोज अंगावर असे. मग खरा प्रातिनिधिक पोशाख कोणता?

आणि या पोशाखाविरुद्ध लढा झाला, तो तर आपल्या इतिहासाचा अभिमानाचा भाग आहे. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण कायद्यानं आलवण उतरलं नाही. १८८२ साली आमच्या वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विधवेवर लादलेल्या या शिक्षेचा जाब पुरुषांना विचारला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक समाजाने विधवांच्या केसांना वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली लग्न केलं. वस्तरा खाली ठेवणारा नाभिक, लेखणी हातात घेतलेल्या ताराबाई, या बाहुल्या का नाहीत? आमच्या बुलढाण्याच्या ताराबाईंची एक बाहुली वऱ्हाडातल्या प्रदर्शनात नसावी?

कपडा ही सत्तेची खूण आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं ओळखलं होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या बायांशी वेगळा संवाद केला. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असं लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, ते खालपर्यंत नेसा. अस्पृश्यपणाची खूण झालेले ओझ्याचे दागिने टाकून द्या, असं त्यांनी समजावलं. बायांनी ते ऐकलं. लुगडं घोट्यापर्यंत आणणं हे तेव्हा बंड होतं. त्रावणकोरमध्ये नाडार बायांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कितीतरी वर्षं लढावं लागलं आणि १८५९ साली तिथल्या राजाला तो हक्क मान्य करणारं फर्मान काढावं लागलं. म्हणून मी म्हणते, जुन्या पोशाखांचं प्रदर्शन मांडायचं आणि कुणाला काय नेसायला बंदी होती हे सांगायचं नाही, म्हणजे तुरुंगाचं चित्र काढायचं आणि गज तेवढे पुसून टाकायचे.

हे सगळं जुनं झालं, असं कुणी समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. एकविसाव्या शतकाची बावीस वर्षं उलटल्यावर असा ठराव करावा लागतो, याचा अर्थ आलवणाचा रंग तेवढा गेला. यवतमाळ हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा जिल्हा म्हणून देशभर ओळखला जातो. त्या प्रत्येक बातमीमागे घरात एक बाई उरते. तेराव्याच्या आत तिचा पोशाख बदललेला मी कितीदा तरी पाहिला आहे. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात बाहुल्यांचं प्रदर्शन असतं आणि त्या बाईला मात्र आमंत्रण नसतं. बाहुलीच्या कपाळाला कुंकू चालतं, हाडामांसाच्या बाईच्या कपाळाला चालत नाही!

बंजारा बाहुली आणि बंजारा बाई

एक बाहुली मात्र प्रत्येक प्रदर्शनात आणि प्रत्येक हस्तकलेच्या दुकानात असते. ती म्हणजे बंजारा बाई. आरसे लावलेली कांचळी, घेरदार फेट्या, डोक्यावर ओढणी, गालाशी लोंबणाऱ्या घुगऱ्या, हातभर बलोया. रंगीत दिसते म्हणून ती सगळ्यांना हवी असते.

आमच्या तालुक्यात बंजारा तांडे आहेत. तिथल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. घुगरी म्हणजे नुसता दागिना नव्हे, नवरा जिवंत असल्याची ती खूण. नवरा गेला की ती उतरते. या पोशाखामागे आणखी एक इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या समाजांच्या कपाळावर जन्मतः गुन्हेगाराचा शिक्का मारला, त्यांची सुटका १९५२ साली झाली. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे तो त्यामुळेच. कित्येक बायांनी हा पोशाख सोडला. शाळेत मुलं हसतात, बाजारात लोक ‘तांड्यावरची’ म्हणून ओळखतात, ही कारणं मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहेत. म्हणजे जिवंत बाईच्या अंगावर तो कपडा असला की ती मागासलेली आणि बाहुलीच्या अंगावर असला की ती आपली थोर संस्कृती! शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला २०२४ साली बंजारा वारशाचं संग्रहालय सुरू झालं. समाजाच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे. तिथे जाणाऱ्या प्रत्येकीनं हा पोशाख पाहताना तो शिवणारीची, तो सोडणारीचीही आठवण ठेवावी, एवढंच माझं म्हणणं.

आणि कोलाम बाई? महाराष्ट्रात ज्या तीन जमाती अतिअसुरक्षित आदिवासी मानल्या जातात, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलाम आहेत. ते आमच्या तालुक्यातले, आमच्या शेजारचे. पण त्यांच्या बाईची बाहुली मी इथल्या एकाही प्रदर्शनात पाहिलेली नाही. तिचं लुगडं साधं, म्हणून ती प्रदर्शनाला शोभत नाही.

वेचणीवालीचा पोशाख

एका प्रदर्शनाला मी आमच्या गटातल्या काही बाया घेऊन गेले होते. त्या सगळं कौतुकानं पाहत होत्या. त्यांतली एकजण बाहेर पडताना म्हणाली, “काऊन ताई, वेचणीवाल्या बाईची बाहुली नसते काय?” आयोजक बाईंना मी तो प्रश्न विचारला, तेव्हा त्या हसल्या. “अहो, त्यात काय पाहण्यासारखं?”

त्यात काय पाहण्यासारखं, ते सांगते. दिवाळीच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही रस्त्यानं जा. कपाशीच्या शेतात बाया दिसतील. साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, कारण बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडतात. डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा. कमरेला कापसाची ओटी. हा पोशाख कुणा दरबारानं ठरवला नाही, बाजारानं विकला नाही. कामानं शिकवला आणि बाईनं स्वतः घडवला. प्रदर्शनातल्या सगळ्या पोशाखांत याच्याइतका अस्सल पोशाख दुसरा नाही. आणि बाहुलीच्या अंगावरचं सुती लुगडं जिथून सुरू होतं ती पहिली बोटं याच बाईची आहेत.

कपडा हा इथे जिवाचा प्रश्नही झाला आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले. त्यांच्या अंगावर होतं काय? रोजचेच कपडे. हातमोजा नाही, मुखवटा नाही, बूट नाहीत. फवारणीला पुरुष जातो, हे खरं. पण औषधात मिसळायचं पाणी वाहून आणणं, ते भिजलेले कपडे हातानं धुणं, हे काम बायांचं. शंभर वर्षांनी कुणी आपल्या काळाच्या पोशाखांचं प्रदर्शन मांडलं आणि त्यात फक्त डिझायनर लेहेंगे ठेवले, तर तो आपला इतिहास असेल का? मग शंभर वर्षांपूर्वीच्या बायांवर तोच अन्याय आपण का करतो आहोत?

‘मुलांना असलं कसं दाखवायचं?’

हे बोलल्यावर ठराविक आक्षेप येतात. पहिला असा की, लहान मुलांना केशवपन वगैरे कसं दाखवायचं, त्यांच्या मनावर परिणाम होईल. झाशीच्या राणीच्या हातातली तलवार दाखवताना आपण असा विचार करतो का? मुलं लढाई समजून घेतात, तशी अन्यायाविरुद्धची लढाईही समजून घेतात. परिणामाची काळजी असेल तर दहा वर्षांच्या मुलीला वीस नवऱ्या दाखवून काय परिणाम होतो, याचीही करावी.

दुसरा आक्षेप, ‘तुम्ही बाया प्रत्येक गोष्टीत रडगाणं आणता.’ ताराबाईंची लेखणी, महाडहून घोट्यापर्यंत लुगडं नेसून परतलेल्या बाया यांना रडगाणं कोण म्हणेल? रडगाणं तर आपण ऐकूच देत नाही, म्हणून ती पोवाडा होती हेही कळत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. अशा बाहुल्या विकत कोण घेणार? हा प्रश्न खरा आहे, कारण बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्याही बायाच आहेत. ‘महिलांना घरबसल्या रोजगार’ म्हणून बाहुल्या बनवण्याची प्रशिक्षणं होतात. नगावर मजुरी, डोळ्यांवर ताण, कच्चा माल आपला आणि माल परत आला तर नुकसानही आपलंच. तयार बाहुलीखाली नाव लागतं संग्राहकाचं. मुंबईच्या मातीच्या नमुन्यात बाईला नाव नव्हतं, इथे शिवणारीला नाही. मधल्या शंभर वर्षांत फरक पडला कशात?

मग करायचं काय?

प्रदर्शनं बंद करा, असं मी म्हणत नाही. बाहुली बायांच्या हातातली फार जुनी वस्तू आहे, ती सोडून देण्याचं कारण नाही. आमच्या विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलगा लाकडी नंदी सजवून रस्त्यावर मिरवतो. त्याच वयाच्या मुलीला बाहुली मिळते आणि घराचा कोपरा मिळतो. पण याच विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून महिनाभर मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोबा. त्यांच्याभोवती बसून मुली घरोघर गाणी म्हणतात आणि त्या गाण्यांत सासूचा जाच असतो, माहेरची ओढ असते, नवऱ्याची थट्टा असते. ती बाहुली काचेच्या पेटीत बसून गप्प राहत नाही. बाया तिच्या तोंडून बोलून घेतात. ही आपली परंपरा आहे, ती प्रदर्शनात का उतरू नये?

म्हणून संग्रह करणाऱ्या, प्रदर्शन भरवणाऱ्या मैत्रिणींपुढे, शिक्षिकांपुढे माझ्या चार मागण्या आहेत. एक, नथवाली मांडाल तर तिच्या शेजारी आलवणवाली मांडा, राणी मांडाल तर तिच्या शेजारी कपाशी वेचणारी मांडा. दोन, प्रत्येक बाहुलीखाली नुसतं ‘पेशवेकालीन स्त्री’ असं न लिहिता हा कपडा कोण नेसत होती, कुणाला नेसायची बंदी होती, तो कुणाच्या हुकमानं आला आणि कुणाच्या लढ्यानं गेला, हे दोन ओळींत लिहा. तीन, शिवणाऱ्या बाईचं नाव तिच्या संमतीनं ठळक लिहा आणि तिला योग्य मजुरी द्या. चार, आपल्या गावातल्या पोडावरच्या, तांड्यावरच्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना उद्घाटनाला टाळ्या वाजवायला न बोलावता आधी, बाहुल्या तयार होत असताना बोलवा. लुगडं कसं नेसायचं, का नेसायचं, का सोडलं, हे त्याच सांगतील. आणि हो, विधवांना बोलवा. त्यांच्या हातून उद्घाटन करा.

यातलं काहीच खर्चिक नाही. एक तांबडा चिंधीचा तुकडा लागतो, एका जुन्या शर्टाची बाही लागते. कमी आहे ते धाडस. येत्या नवरात्रात ज्या मंडळाला आलवणातली बाहुली मांडायची असेल, त्यांनी घाटंजीला निरोप पाठवावा. शिवून द्यायला आमच्या गटातल्या बाया तयार आहेत. मजुरी मात्र पूर्ण घेतील, आणि खाली नावही लावतील.